वाटीत काय आलं

एकदा एक वैद्य होता. म्हातारा म्हणजे इतका, की स्वतःच्याच गुडघ्यांना लेप लावून लावून दमला होता आणि गुडघे काही त्याचं ऐकत नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं घर. पंचक्रोशीतले लोक त्याला बाबा म्हणत.

या वैद्याचा एक शिष्य होता, जनार्दन नावाचा. शिष्य म्हटलं की कोवळं पोर डोळ्यांपुढं येतं, तसा हा नव्हे. चाळिशी उलटलेली, कानशिलांवर केस पिकलेले, घरी बायको-लेकरं असलेला संसारी गडी. मुळ्या खलायच्या, चूर्ण वस्त्रगाळ करायचं, बाबा नाडी बघत असले की मागं उभं राहून शिकायचं, असा त्याचा दिवस जाई. खलून खलून हात भरून आले की तो भिंतीला पाठ टेकवी आणि खिशातून मोबाईल काढी.

त्या मोबाईलमध्ये काय नव्हतं? घोड्यावरून घसरलेला नवरदेव होता. पाहुण्यांना शिव्या देणारा पोपट होता. टकल्या मामाच्या डोक्यावर तबला वाजवणारं बाळ होतं. कुणीतरी जनार्दनाला पाठवी, जनार्दन पुढच्यांना पाठवी. पुढचे त्याला नवं काही पाठवीत. पुष्कळदा तर तो पुरतं बघतही नसे. अर्धं झालं की त्याचा अंगठा आपसूक पुढं ढकलायच्या खुणेवर जाई. हसू यायचं केव्हाच थांबलं होतं. सगळी मंडळी मनातून कंटाळली होती, पण थांबणार कोण? जो थांबेल तो रुसला असं बाकीचे म्हणणार. म्हणून सगळेच रेटत होते, चढावर गाडी रेटावी तसे.

या सगळ्यांत जनार्दनाच्या जिवाभावाचा एकच. भागवत. एकाच पाटीवर दोघं अक्षरं गिरवायला शिकलेले. तो दोन गावं पलीकडे बाजारपेठेत राही, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करी. त्याला सकाळी एक आणि संध्याकाळी एक व्हिडिओ पाठवल्याशिवाय जनार्दनाचा दिवस पुरा होत नसे. भागवतही न चुकता उलट हसरं तोंड पाठवी, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणारं. बायको कधी म्हणाली, "अहो, भागवतभावजी किती दिवसांत आले नाहीत," तर जनार्दन म्हणे, "आले नाहीत म्हणजे? रोज बोलणं होतंय की आमचं!"

तर थंडीचे दिवस होते. वैद्याच्या कुंपणावर घेवड्याचा वेल मातला होता. आपल्या परसात पहिलं काही निघालं, की त्यातलं थोडं शेजारीपाजारी, सग्यासोयऱ्यांकडे धाडायचं, त्याला वानवळा म्हणतात. वैद्याकडे ही रीत कधी चुकली नव्हती. आणि वानवळ्याची वाटी परत येते ती रिकामी येत नाही, हीही रीत. कुणी गुळाचा खडा घालतं, कुणी चार मिरच्या. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात.

जनार्दन सकाळीच शेंगांच्या वाट्या घरोघर देऊन आला. दुपारी जाऊन वाट्या गोळा करून आणल्या. बाबा पानावर बसत होते. जनार्दनानं वाट्या ओसरीत मांडल्या आणि हसून म्हणाला, "बाबा, किराणावाले शेठ आज उदार झालेत. बघा, बिस्किटाचा पुडा घातलाय, अख्खा! बाकीच्यांनी आपली कढीलिंबाची काडी नि गुळाचा खडा."

बाबांनी पुडा हातात घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग एक सुस्कारा टाकला, वाढलेल्या पानावरून उठले आणि वहाणा शोधू लागले.

"बाबा, जेवण?"

"झाकून ठेव. पिशवी घे आपली."

"कुठं निघालात?"

"शेठकडे."

"अहो, बिस्किटं दिली म्हणून आभार मानायला भर उन्हात?"

बाबांनी वहाणा पायात सरकवल्या. भिंतीला धरत पायरी उतरले. जनार्दनाला वाटलं, वय झालं, दुसरं काय. तोही पिशवी घेऊन मागून निघाला.

शेठ दुकानात गल्ल्यावर बसले होते. "या बाबा, या! सगळं क्षेम आहे," ते म्हणाले. "शेंगा मिळाल्या हो."

"वहिनी कुठं आहेत?"

"आहे की आत. उपास धरलाय म्हणाली दोन दिवस. मी आपला खानावळीत जेवतोय."

बाबा न विचारताच आतल्या दारातून गेले. चूल थंड होती. राख कधीची तशीच पडलेली. वानवळ्याच्या शेंगा न निवडता कोपऱ्यात, आणि भिंतीकडे तोंड करून शेठाणीबाई निजलेल्या. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. "सणाचा धंदा आहे त्यांचा," त्या पुटपुटल्या. "म्हटलं, उगा घोर कशाला?" शेठ दारात उभे होते. बाबांनी काढा उकळायला लावला, कपाळावर ओली घडी ठेवली, शेजारच्या म्हातारीला हाक मारून सोबतीला बसवलं आणि शेठना बजावलं, संध्याकाळी ताप उतरला नाही तर गाडी करून तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं, दुकानाचं दार लोटून घेऊन.

परतताना बाबांचे पाय चालेनात. देवळापुढच्या कट्ट्यावर ते टेकले. जनार्दनही बसला. त्याच्या मनात तेच घोळत होतं.

"बाबा, बिस्किटाच्या पुड्यावरून तुम्हाला कसं कळलं?"

"ती बाई माझ्या वाटीत इतकी वर्षं काय घालते? स्वतः कुटलेली शेंगदाण्याची चटणी. कधी जास्त तिखट, कधी मीठ विसरलेली. पण तिच्या हातची. आज दुकानातला पुडा आला, म्हणजे वाटी नोकरानं भरली. म्हणजे ती उठलेली नाही."

तेवढ्यात जनार्दनाचा मोबाईल किणकिणला. सवयीनं त्यानं काढलाच.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. सकाळी भागवतला एक गंमत धाडली होती. त्याचं उत्तर."

"काय आलं त्याच्या वाटीतून?"

जनार्दन हसला. "हसरं तोंड."

"काल काय आलं होतं?"

"हसरं तोंड."

"त्याआधी?"

जनार्दनानं अंगठ्यानं वर सरकवलं, आणखी वर सरकवलं. हसरं तोंड, हसरं तोंड, पुन्हा तेच. एकाच छापाची. त्याचा अंगठा मंदावला.

"बाबा, काही झालं असेल का त्याला?"

"मला काय ठाऊक?" बाबा गुडघा चोळत म्हणाले. "मी त्याला ओळखत नाही. तू ओळखतोस."

बाबांनी डोळे मिटले होते. बोलले तेही दमलेल्या माणसासारखं, थांबत थांबत.

"जनार्दना, हसण्याला माझी ना नाही. हसलेला रोगी लवकर बरा होतो, हे मी पाहिलंय. पण मी शेंगा पाठवतो त्या काय लोकांना शेंगा मिळत नाहीत म्हणून? शेंगा हे निमित्त. त्या निमित्तानं आपला माणूस त्यांच्या उंबऱ्याशी जातो, त्यांचा हात आपल्या वाटीला लागतो. तू पाठवतोस ते तुझ्या परसातलं नसतं. तू ते चाखूनही बघत नाहीस. ज्याला पाठवलं त्याचं तोंड आठवून तर मुळीच निवडत नाहीस. गावजेवणातल्या वाढप्यासारखा डाव घालत पुढं जातोस. तिकडून परत काय आलं, ते बघायला तू थांबतोस कुठं? आणि रोज इतकं जातंय-येतंय, म्हणून दोघांनाही वाटतं, आपली गाठभेट चालूच आहे. मित्र तुटला तर माणूस निदान हळहळतो तरी. हे तुटलेलं कळतसुद्धा नाही रे."

मग उठता उठता म्हणाले, "हात दे. आणि उद्या खल मी बघीन."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं जनार्दन बाजारपेठेत उतरला. भागवतच्या दुकानाची एक फळी उघडी, बाकीच्या लावलेल्या. आत भागवत मान खाली घालून हत्यारं गोणपाटात बांधत होता.

"भागवता!"

तो वळला नाही.

"अरे ए भाग्या, बहिरा झालास काय?" जनार्दन हसत आत शिरला आणि त्यानं खांद्यावर हात ठेवला.

भागवत दचकला. मग ओळख पटून त्याचा चेहरा क्षणभर उजळला, आणि तो ओरडल्यासारखा मोठ्यानं बोलला, "जन्या! तू कसा रे?" इतक्या मोठ्यानं, की समोरच्या चहावाल्यानं वळून पाहिलं. भागवतनं ते पाहिलं आणि तो ओशाळला. कानाकडे बोट दाखवून त्यानं हात हलवला. नाही. गेलं.

जनार्दन तिथंच स्टुलावर बसला. केव्हापासून, कसं, दाखवलंस का कुणाला, सगळं एकदम विचारायला त्याचे ओठ हलले. भागवत त्याच्या ओठांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "लिही बाबा. ओठांवरचं अजून जमत नाही." जनार्दनानं मोबाईल काढला आणि अक्षरं टिपून त्याच्यापुढं धरला. किती दिवसांनी त्या मोबाईलवर त्याचं स्वतःचं वाक्य उमटलं होतं.

"पावसाळ्यात ताप आला आणि तो घेऊन गेला," भागवत म्हणाला. "मशीन बसवून बघितलं कानात. नुसता गोंगाट. दुकान सोडतोय अमावास्येला. मालकाला किल्ली देणार. लेक म्हणते आमच्याकडे या. जावयाच्या दारात बसून काय करू, ते ठरायचंय."

'मला का नाही सांगितलंस?' जनार्दनानं लिहिलं.

भागवतनं वाचलं. त्याला राग आलेला दिसला नाही, तेच जनार्दनाला जास्त लागलं.

"लिहिलं होतं की. जन्या, एकदा येऊन जा, असं. तू बकरी पाठवलीस."

जनार्दनाला बकरी आठवली. एस.टी.त चढलेली बकरी आणि तिला तिकीट मागणारा कंडक्टर. ती त्यानं सगळ्यांनाच पाठवली होती.

"मग म्हटलं, हा रोज हसवायला येतोय, त्यात आपलं रडगाणं कुठं घालायचं? आपण आपलं हसरं तोंड पाठवावं." भागवत थोडा थांबला. "बरी होती बकरी. पण तो कंडक्टर तिला काय म्हणतो रे शेवटी? सगळे पाठीमागचे लोटपोट हसतात. मला काही कळलं नाही."

जनार्दनाचा अंगठा मोबाईलवर तसाच राहिला. त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं.

'मलाही नाही माहीत,' त्यानं लिहिलं.

भागवतनं ते वाचलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो फसकन हसला. "म्हणजे आपण दोघंही ठार बहिरे की रे!" त्या हसण्यात जनार्दनाचेही डोळे भरून आले, आणि या वेळी ते पाणी मोबाईलमधल्या हसऱ्या तोंडाचं नव्हतं.

चहा झाला. बाकावर एक मोटार पडली होती, कुण्या बागाईतदाराची, न्यायला आला नव्हता. जनार्दनानं खुणेनं विचारलं, हिचं काय?

"तेच तर," भागवत म्हणाला. "उघडायचं कसं, बसवायचं कसं, ते हाताला सगळं येतंय अजून. पण मोटार आधी ऐकावी लागते, स्क्रूड्रायव्हर तिला टेकवून मूठ कानाशी धरून. ऐकल्यावर कळतं कुठं उघडायची. हात ठेवला तर नुसती थरथर लागते. थरथर सगळ्यांचीच सारखी."

जनार्दन उठला. त्यानं गोणपाट सोडलं. त्यातला लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढून भागवतपुढं धरला आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

भागवत त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला काय कळणार त्यातलं, मुळ्या कुटणाऱ्या?"

जनार्दन हलला नाही. मग भागवतनं बटण दाबलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीच्या बाजूला टेकवलं आणि मूठ जनार्दनाच्या कानाशी लावून दिली. रस्त्यावर बाजार भरत होता, लाउडस्पीकर चालू होता, कुणी भाव ओरडत होतं. जनार्दनानं डोळे मिटून घेतले. आधी सगळा एकच गोंधळ लागला. मग त्या गोंधळाखाली दुसरं काहीतरी होतं, बारीक, अडत अडत येणारं.

"सांग," भागवत अधीर होऊन ओरडला. "खडे फिरल्यासारखं लागतंय? की भुंगा कोंडल्यासारखं? जन्या, सांग की!"

जनार्दनानं डोळे न उघडता हात वर केला. थांब, ऐकतोय.

आणि भागवत गोणपाटावर टेकला, थांबला.