चेअरमनकाकांचा फ्लेक्स

नाशिकच्या एका सोसायटीत पोरांनी हॅलोविन, म्हणजे भुतं बनून लोकांना घाबरवायचा सण, करायचं ठरवलं आणि चेअरमन खासनीसकाका लगेच आडवे आले.

"कचरा अजिबात चालणार नाही! एकही नवी वस्तू आणायची नाही. शिवाय लोकं खरंच घाबरली पाहिजेत. नाहीतर कार्यक्रम रद्द, पुन्हा नाव काढायचं नाही!"

संध्याकाळी कुणी जुनी चादर पांघरून आलं, कुणी गोणपाट. मोठी माणसं खुर्च्यांवर बसून चक्क जांभया देत होती. काका खूश! "संपलं? चला, घरी पळा!"

तेवढ्यात दहावीतली मृण्मयी आली. अंगाला गेटवरचा काकांच्याच वाढदिवसाचा जुना फ्लेक्स गुंडाळलेला, आणि पोटावर काका हात जोडून हसतायत.

"अगं कार्टे, यात भूत कुठंय?"

"काका, भूत उजाडलं की जातं. हा प्लॅस्टिकचा फ्लेक्स शेकडो वर्षं कुजत नाही. म्हणजे आमच्या पणतवंडांनाही चेअरमन तुम्हीच दिसणार!"

"अगं आई गं!" पाटणकरकाकू किंचाळल्या. दोन आजोबा तर खुर्चीतून उठून गेटकडे निघाले.

"घाबरले बघा. करू ना चालू?"

काकांनी मुकाट मान डोलावली. मग हळूच म्हणाले, "तो फ्लेक्स तेवढा परत गेटवर लाव."

"नको काका, लोकं झोपायची नाहीत."