खोडरबराची तक्रार

एका तरुण शिक्षिकेची झोप एकदा तिच्याच मुलीने उडवली. सहा वर्षांची जुई तीन दिवस शाळेच्या रिक्षाचा हॉर्न ऐकला की रडू लागे. कारण विचारले की गप्प. शिक्षिकेला बालमानसशास्त्रात विशेष श्रेणी होती. पण घरातल्या या प्रश्नापुढे तिची पाटी कोरी होती.

चौथ्या दिवशी ती जुईला स्वतः शाळेत घेऊन आली आणि थेट मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या वृद्ध मुख्याध्यापिका. शिकवावे कसे, हे ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती; आता ती दुसऱ्या शाळेत शिकवत असे.

"बाई, रिक्षाचा हॉर्न ऐकला की जुई रडते. काहीतरी लपवतेय. खोदून खोदून विचारलं, चॉकलेट दाखवलं, शेवटी ओरडलेसुद्धा. माझं काय चुकतंय?"

बाई उत्तर देणार, तोच पहिलीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला.

"बाई, त्यानं माझा खोडरबर तोडला."

बाईंनी पेन खाली ठेवले. मुलाला समोरची खुर्ची दिली. कोणी तोडला, कसा तोडला, तुझ्याकडे केवढा उरला, सगळे विचारले. मग त्याच्यासोबत वर्गापर्यंत गेल्या. पंधरा मिनिटे गेली. शिक्षिका आतल्या आत धुमसत होती. माझं लेकरू तिकडे सुकतंय, आणि इथे खोडरबराची पंचायत! तिच्या तिसरीच्या वर्गात असली कटकटच नव्हती. 'चहाडी करायची नाही' हे तिने पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकले होते. घरीही तोच नियम चाले.

बाई परतल्या. "रागावलीस?"

"नाही... म्हणजे हो. एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ?"

"अगं, मुलं मोठी गोष्ट आधी सांगत नाहीत. आधी खोडरबर घेऊन येतात. आपण मान वर करतो, की हसण्यावारी नेतो, की चहाडखोर म्हणून हाकलतो, हे बघून ठेवतात. जिथे खोडरबराला जागा नाही, तिथे भीती कुठे मांडणार? मुलाला त्रास देणाऱ्याला तरी दुसरं काय हवं असतं? मूल गप्प राहायला हवं, एवढंच. ते काम आपणच करून देतो." बाईंनी पेन पुन्हा उचलले. "कारण कळेपर्यंत जुईची रिक्षा बंद. आणि आज तिला एकही प्रश्न विचारू नकोस. ती जे सांगेल ते ऐक. पूर्ण ऐक."

शिक्षिकेचा चेहरा उतरला. गेल्याच आठवड्यात जुई म्हणाली होती, "आई, रिक्षाकाका ना..." आणि पोळी लाटता लाटता तिने म्हटले होते, "पुन्हा चहाडी?"

त्या संध्याकाळी जुईची तक्रार होती ती मैत्रिणीने नेलेल्या हिरव्या खडूची. शिक्षिकेने गॅस बंद केला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. खडूची हकिगत संपता संपेना. एकदाची संपली, तेव्हा त्याच सुरात जुई म्हणाली, "आणि रिक्षाकाका सगळ्यांना सोडलं की मला पुढे बसवतात. मांडीवर हात ठेवतात. मला नाही आवडत. म्हणाले, आईला सांगितलंस तर ती तुलाच रागावेल."

शिक्षिकेने तिला जवळ घेतले. तिने आवाज सांभाळला. "नाही रागावणार. तुझी काहीच चूक नाही. सांगितलंस, फार चांगलं केलंस."

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच मोठ्या बाई तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेल्या. संस्थेचे एक पदाधिकारी कुजबुजले, "बाई, शाळेचं नाव..." बाई म्हणाल्या, "नावाला काय करायचंय? मुलं सांभाळायला शाळा काढली ना आपण?" दुपारपर्यंत तो माणूस पोलिसांच्या ताब्यात होता. त्या रिक्षातल्या इतर मुलांच्या पालकांनाही बोलावून सारे सांगितले गेले. शेवटचे मूल घरी उतरेपर्यंत प्रत्येक रिक्षात शाळेची एक सेविका बसेल, असे ठरले. पाच दिवसांत पहिल्यांदाच शिक्षिकेला चहाची चव लागली.

मग बाईंनी जुईला बोलावले आणि समोरची खुर्ची दिली.

"ते काका आता येणार नाहीत. तू सांगितलंस म्हणून. आणखी काही सांगायचंय?"

जुईने आईकडे पाहिले. मग टेबलावर रेलून ती बाईंना म्हणाली, "आहे. पण ते आईबद्दल आहे. तिला जरा बाहेर पाठवा ना."