आठ पण

चिपळुणात करंबेळकर साहेबांचं घरसजावटीचं ऑफिस होतं. साहेबांनी व्यावसायिकांसाठीचं नवंकोरं ग्राफिक्स कार्ड आणलं, आणि डिझायनर हेमांगीचं आठ वर्षांचं स्वस्तातलं कार्ड त्यांच्या डोळ्यांत खुपू लागलं.

"ते डबडं भंगारात टाका आणि उद्यापासून तुम्ही फोन घ्यायला बसा!"

"आधी सामना होऊ दे, साहेब," हेमांगी जागची हलली नाही.

"चला, लावला पण! रेडीजकाकूंच्या स्वयंपाकघराचं चित्र काढायचं. ज्याचं काकूंना आधी पसंत पडेल, तो जिंकला."

गिऱ्हाईक म्हणून आलेल्या काकू समोरच बसल्या. तीन मिनिटांत साहेबांचं झगझगीत चित्र हजर.

"छान आहे, पण ओटा उंच झाला."

साहेबांनी ओटा उतरवला.

"छान आहे, पण मी डावखुरी."

शेगडी सरकली.

"छान आहे, पण विळी घेऊन बसू कुठे?"

असं आठ वेळा झालं.

हेमांगीच्या कार्डाला एका चित्राला पंचवीस मिनिटं लागत. चूक परवडायची नाही, म्हणून ती आधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघून यायची. काकूंना डाव्या हाताने नारळ खवताना तिने पाहिलं होतं. तिचं एकुलतं एक चित्र पडद्यावर आलं आणि काकू उठूनच उभ्या राहिल्या. "अगो, हे तर माझंच स्वयंपाकघर!"

साहेब फणफणले, "तरी वेगवान माझंच कार्ड!"

"हो तर!" हेमांगी म्हणाली. "आपण एकच पण लावला होता, साहेब. तुमच्या कार्डाने पंचवीस मिनिटांत काकूंना आठ लावायला लावले."