नाव न दिलेला माणूस

"आणि जो फक्त शिव्या घालायलाच येतो, त्यालाही बोलू द्यायचं, भंतेजी?"

सरपंच शीलवती रामटेके ग्रामसभेला निघाली होती. एवढंच विचारायला ती वाटेत विहारापाशी थांबली. लहानपणी याच ओट्यावर, भंते सुमेधांसमोर, ती चारचौघांत बोलायला शिकली होती.

भंतेजी ओटा झाडत होते. झाडतच राहिले.

"मी नियम केलाय," ती म्हणाली. "ज्याला बोलायचं असेल त्याने आदल्या दिवशी नाव द्यायचं. नियम सगळ्यांना सारखा."

"हं... आणि केला कोणासाठी?"

उद्धव निखाडेचं नाव शीलवतीच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. मागच्या सभेत त्याने भर लोकांत तिच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला होता.

भंतेजींनी झाडू भिंतीला टेकवला. चीवर सावरलं आणि तिच्यामागून चालू लागले.

शाळेच्या पटांगणात मंडपाखाली गाव जमलं होतं. विषय एकच. वरच्या टोकाची जुनी विहीर बुजवून तिथे समाजमंदिर बांधायचं. आता घरोघरी नळ आले होते. विहीर कोणाला हवी? फक्त सभेचा होकार बाकी होता.

तेवढ्यात उद्धव उभा राहिला.

"मले बोलाचं हाय."

"नाव दिलंय?" शीलवतीने विचारलं.

"माह्याच गावात मी नाव काहून देऊ?"

"मग बसा खाली."

तो बसला नाही. पुढच्या रांगेतले दोघे बाह्या सारत उठले. ग्रामसेवकाने मान खाली घातली. आता हातघाईवर येणार, हे सगळ्यांना कळलं.

मागून भंतेजी उभे राहिले.

शीलवतीचा जीव भांड्यात पडला. "बोला, भंतेजी."

"मीही नाव दिलेलं नाही."

"आपल्याला कसला आलाय नियम!"

शब्द निसटला आणि तिने जीभ चावली. मंडपाने तो ऐकला होता.

भंतेजी वाट काढत उद्धवपर्यंत गेले. आणि त्याच्यासमोर खाली मातीत बसले, शाळकरी पोरासारखे.

"भंतेजी, हे काय... उठा ना," शीलवती म्हणाली.

ते उठले नाहीत. त्यांनी उद्धवकडे पाहिलंही नाही. ते शीलवतीकडे पाहत होते.

शीलवतीने पुढ्यातला नावांचा कागद उलटा ठेवला.

"बोला... उद्धवकाका."

उद्धव बोलला. तिला नळाच्या ठेकेदाराच्या हातची बाहुली म्हणाला. अर्धे पाइप तिने खाल्ले म्हणाला. बापापर्यंत पुन्हा पोचला. त्याला थांबवायला शीलवतीचा हात वर झाला... आणि तिथेच थांबला. भंतेजी मान वर करून ऐकत होते.

मग उद्धवचा आवाज अचानक खाली आला.

"नळ आला म्हणता. आमच्या वरच्या टोकाले धार येत नाही, बाई. तोटी सोडली का नुसती हवा येते. घरी बायको अंथरुणाले खिळली हाय. ही विहीर बुजवली तर... मी तिले काय पाजू?"



"आमच्याकडंही येत नाही," मागून एक बाई म्हणाली. मग आणखी एक हात वर झाला. मग आणखी एक.

शीलवतीने विहिरीचा विषय तहकूब केला. उद्या सकाळी आपण स्वतः वरच्या टोकाला येऊन नळ बघतो, असं सांगितलं. उद्धव खाली बसला.

सभा उठल्यावर तिने भंतेजींना मंडपाच्या दाराशी गाठलं.

"मी पाइप खाल्ले म्हणाला. विकली गेले म्हणाला. माझ्या बापालाही सोडलं नाही. निम्मं खोटं होतं, भंतेजी. निम्मं!"

भंतेजी आपल्या चपला शोधत होते.

"असेल... उरलेलं निम्मं तुला कोण सांगणार होतं?"