बंद कॅमेऱ्याचा शिष्य

“दोष तुमचा आहे, गुरुजी. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं तबला तुम्हीच घरून, पडद्यावरून शिकवलात. आता गुडघे बरे झाले, तर आम्ही वर्गात यायचं?”

विद्यापीठाच्या संगीत विभागात शार्दूल उभ्यानंच बोलत होता. ऑनलाइन की वर्गात, असं विभागानं विचारलं तेव्हा बहुतेक पोरं ऑनलाइन म्हणाली होती. गुरुजींना तोंडावर सांगायची छाती मात्र एकट्याची. का नसावी? पडद्यातून तो जे शिकला, ते गुरुजींच्या पायाशी बसून म्हातारे झालेल्यांनाही जमलं नव्हतं.

शिवाय खिशात गंड्याचा दोरा होता. शिष्य म्हणून पत्करताना गुरू मनगटाला बांधतो, तो. आज बांधून घेतल्याशिवाय तो जाणार नव्हता.

“वाजव,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शार्दूलनं तबला-डग्ग्याची जोडी मांडली. कायदा, म्हणजे बोलांची एक बांधीव रचना, धरला, दुप्पट केला...

“वा!”

साधं ‘बरं’ म्हणायलाही ज्याची जीभ झिजायची, त्या माणसाच्या तोंडून निघून गेलं.

मग गुरुजींनी डोळे उघडले.

तबला शार्दूलच्या डाव्या हाताखाली होता. डग्गा उजव्या. सगळं उलटं.

“डावखुरा आहेस?”

“नाही. पडद्यावर ज्या बाजूला दिसलं, त्या बाजूला मांडलं.”

“दोन वर्षं? आणि मला दिसलं नाही?”

“दिसणार कसं? आमचे कॅमेरे बंद. लावा म्हणून तुम्ही एकदा तरी सांगितलंत?”

गुरुजी उलट्या मांडलेल्या जोडीकडं वाकले.

“चुकलेला एक बोल दाखवा,” शार्दूल म्हणाला.

“एकही चुकलेला नाही.”

“मग बांधा.” त्यानं दोरा पुढं केला.

गुरुजींनी दोरा घेतला नाही. आपलीच जोडी त्यांनी उलटी मांडली आणि तिरकिट हा अगदी सुरुवातीचा बोल काढायला गेले. बोटं अडखळली. पुन्हा काढलं. पुन्हा अडखळली. बालवर्गातल्या पोरासारखी.

शार्दूल हसला नाही. पण मान खालीही घातली नाही.

“हा हात मी शिकवलेला नाही,” गुरुजी म्हणाले. “ज्याला शिकवलं नाही, त्याला गंडा कसा बांधू?”

“मग मी कुणाचा शिष्य?”

गुरुजींनी आपली जोडी पुन्हा सुलटी मांडली.

“ठाऊक नाही. एकदा कॅमेरा लाव म्हणालो असतो, तर माझा झाला असतास.”