धाप लागलेला पंखा

टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या वाचनालयात एक जुना संगणक होता आणि त्याला जिवापाड जपणाऱ्या एक ग्रंथपाल बाई होत्या. दृष्टी गेलेले एक गुरुजी रोज तिथं येत आणि त्या संगणकावर कुणीतरी वाचून ठेवलेली पुस्तकं ऐकत. त्यांचं वाचन आता तेवढंच उरलं होतं.

पण हळूहळू संगणकाच्या पोटातला पंखा असा घोंघावू लागला, की गुरुजींना निम्मं पुस्तक ऐकूच येईना.

बाईंनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "काढून टाका पंखा. जुना प्रोसेसर तो, तापून तापून किती तापणार? माझा बिनपंख्याचाच चालतो."

शाळेतले सर म्हणाले, "भलतंच! जळून जाईल. मी तर माझ्या संगणकाला दोन पंखे लावलेत."

बाई चक्रावल्या. दोघंही जाणते, दोघंही ठाम. ऐकावं कुणाचं?

आधी त्यांनी पंखा काढला. खोली शांत झाली, गुरुजी खुलले. पण कथा रंगात येते न येते तोच पडदा काळा पडला. आत बोट लावलं, तर चटका बसला! घाबरून बाईंनी पंखा परत बसवला, शेजारी टेबलफॅनही आणून ठेवला. संगणक सुरू झाला, पण आता तर एक अक्षर ऐकू येईना.

"गुरुजी, काढला तर बंद पडतो, ठेवला तर ऐकू येत नाही. मला काही सुचेनासंच झालंय," बाई रडकुंडीला आल्या.

गुरुजींनी टेबलफॅन बंद करायला सांगितला आणि कान संगणकाजवळ नेला. "बाई, हा नुसता फिरण्याचा आवाज नाही. याला धाप लागलीय. कशानं लागली, ते पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. बाईंनी संगणक बंद करून निवू दिला, पंखा उचलला. खालच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये दाबलेल्या लोकरीसारखा करडा थर होता. मघाशी पंखा काढताना त्यांना तो यंत्राचाच भाग वाटला होता. ती निव्वळ धूळ होती! वारा आत शिरणार कुठून? म्हणूनच पंखा एवढा जोर लावून घोंघावत होता.

त्यांनी ब्रशनं पट्ट्या साफ केल्या, पंखा बसवला आणि संगणक सुरू केला. पंखा पुन्हा फिरला, अगदी हलकेच.

"म्हणजे ते दोघंही खोटं बोलत नव्हते," बाई पुटपुटल्या. "दोघंही आपापल्या संगणकाबद्दल बोलत होते."

गुरुजींनी हात वर केला. "असेल. पण आता बोलू नका, ऐकू द्या."

तात्पर्य: ओरडणाऱ्याला गप्प करण्याआधी तो कशानं गुदमरतोय, ते पाहावं.