शेवंतीचा निरोप

“...मग निरोप देता ना, बुवा?”

सकाळपासून श्रीपती हेच विचारत होता.

रंगबुवा मठाच्या ओट्यावर तुळशीचे मणी ओवत बसले होते. सुईत दोरा जाईना. त्यांनी सुई श्रीपतीपुढे धरली. त्याने दोरा ओवून दिला. बुवा पुन्हा मण्यांकडे वळले.

श्रीपती याच मठात वाढला. पुढे शिकायला परदेशी गेला आणि झाडं कधी फुलतात, का फुलतात, याच्या अभ्यासात मोठी पदवी मिळवून इतक्या वर्षांनी परवा आला. तिकडे नोकरी तयार होती, परतीचं तिकीट खिशात होतं. मन मात्र म्हणत होतं, इथेच राहावं, या गावासाठी काही मोठं करावं. मग लगेच वाटायचं, या टेकडीवर आपल्या विद्येला काम काय? बुवांनी ‘जा’ म्हणावं किंवा ‘राहा’ म्हणावं, म्हणजे प्रश्न मिटला.

बुवा दोन्ही म्हणत नव्हते.

“निरोपाचं बघू,” ते म्हणाले. “आधी तुझ्या शेवंतीकडे बघ. रुसलीय.”

पायऱ्यांच्या कडेची शेवंती श्रीपतीने लहानपणी लावलेली. कार्तिक सुरू होता. टेकडीखालचे मळे शेवंतीने पिवळेधमक झाले होते. ही मात्र कमरेएवढी वाढली होती, हिरवीगार होती, आणि तिला एक कळी नव्हती.

स्वयंपाकघरातून ठकूमावशीने आपले उपाय ऐकवले. शेणखत घातलं, राख घातली, ताक ओतलं. शेवटी शिव्या घातल्या. बाईसाहेब ढिम्म.

श्रीपती हसला. त्याने झाडाकडे पाहिलं, मग वर पाहिलं. दिवेलागण झाली होती. पायऱ्यांवरचा बल्ब नुकताच लागला होता.

“हा रात्रभर असतो?”

“रात्रभर.”

“मग कशी फुलेल?”

आणि तो सांगत बसला. शेवंतीची पानं रात्र मोजतात. रात्री लांबल्या की पानातलं एक जनुक जागं होतं आणि शेंड्याकडे निरोप धाडतं, की आता पानं पुरे, फूल कर. पण रात्री उजेड पडला तर भलतंच एक जनुक उठतं आणि त्या निरोपाला आडवं जातं. शेंड्याला काहीच कळत नाही. तो बिचारा पानंच काढत राहतो.

“म्हणजे फूल तिच्यात आहे?” बुवांनी विचारलं.

“पहिल्यापासून आहे. नुसतं अडवलंय.”

“बरं. मग आजची रात्र विझवू.”

“एका रात्रीने नाही भागत, बुवा. रोज अंधार हवा. काही आठवडे, सलग. मधेच दिवा लावत राहिलात तर सगळं फुकट.”

बुवा ऐकत होते. पोराचं कौतुक त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

श्रीपतीला चेव चढला. गावातल्या बायका या बल्बला मठाचा अखंड दिवा समजून हात जोडतात, हे त्याने कालच पाहिलं होतं. वायरमनसुद्धा तो बदलताना चपला खाली काढून शिडीवर चढतो म्हणे. विजेची नासाडी, झाडाचे हाल, आणि वर नमस्कार.

“कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?” त्याने विचारलं.

ठकूमावशी हातात पळी घेऊन दारात आली.

“सांगा की, बुवा.”

बुवा मण्यांत काहीतरी शोधू लागले.

मग तिनेच सांगितलं. श्रीपती गेला त्याच आठवड्यात तिसरी पायरी निखळली. बुवा म्हणाले, हा पोरगा सांगून येणाऱ्यातला नाही. रात्री-अपरात्री येईल आणि ठेचकाळेल. तेव्हापासून हा दिवा. तिने समजावलं होतं, की विमानाने गेलेलं पोर येताना कळवेल. बुवा म्हणाले, असू दे.

“आणि आलास कधी? भर दुपारी, मेल्या. तेही रिक्षातून.”

ती आत गेली. फोडणीचा आवाज आला.

श्रीपती शेवंतीजवळ उभा राहिला. एका पानावर त्याने बोट ठेवलं, काढलं.

“पायरीच बसवून घ्यायची होती, बुवा...”

“सुचलं नाही,” बुवा म्हणाले.

...

“आता तरी विझवा तो दिवा,” श्रीपती म्हणाला.

“मी कसा विझवू? तू निघालास. तू लांब गेलास की मला तो लावावाच लागतो.” बुवा थोडे ओशाळल्यासारखे हसले. “ते तुझं आडवं जाणारं जनुक आहे ना, तसलंच माझं. सांगून ऐकत नाही.”

त्यांनी दाराशेजारच्या बटणाकडे हनुवटीने खूण केली.

“तू बघ काय ते.”

श्रीपती बटणापाशी गेला. हात वर नेला आणि तसाच ठेवला. बल्बभोवती दोन पाखरं फिरत होती. खाली मळ्यांतला पिवळा रंग अंधारात बुडत चालला होता...

बुवांनी मान वर केली नाही. ते मणी ओवत राहिले.

श्रीपतीने बटण दाबलं.

काळोख झाला. पाखरं कुठेतरी निघून गेली. शेवंती दिसेनाशी झाली, नुसता तिच्या पाल्याचा वास राहिला.

श्रीपती चाचपडत ओट्याकडे आला. काळोखातून एक हात पुढे आला आणि त्याने श्रीपतीचा दंड धरला.

“बुवा, तो निरोप...”

“पोचला,” बुवा म्हणाले. “उद्या ती तिसरी पायरी बसव. आता इथे दिवा नसणार.”